फिलूबाय आणि बारा मशीनं

आधी कबूल करून टाकतो. फिलूबायचा मला हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही. सकाळी दुकानाचं शटर वर करताना पोटात दुखायला सुरुवात व्हायची आणि संध्याकाळी कुलूप घालेपर्यंत दुखतच असायचं. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. फिलूबाय गेलेली नाही, इथून दोन तासांवर आरोंद्याला मजेत आहे, आणि मला तिच्याबद्दल चांगलं लिहायचंही नाही. पण लिहायला बसलो की दुसरं काही सुचतच नाही, त्याला काय करू?

मालवणात भरड नाक्यावरून बाजाराकडे उतरताना आमची दोन दुकानं होती, भिंतीला भिंत लावून. माझं आधी आलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोक माझा पत्ता 'फिलूबायच्या बाजूचं ते कॉम्प्युटरचं' असा सांगायला लागले. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची पदविका आहे, काचेच्या फ्रेममध्ये घालून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर लावलेली. फिलूबाय दहावी. ती बर्फाच्या कारखान्यात बिलं करायला होती. तिथला कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा आणि कुडाळहून दुरुस्तीवाला यायला चार-चार दिवस लागायचे. एक दिवस वैतागून तिने स्वतःच त्याचं झाकण उघडलं. एवढंच तिचं शिक्षण.

पूर्ण नाव फिलोमेना. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणजे पन्नाशीला टेकलेली. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर "माका येळ खंय गावलो?" म्हणायची. गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा झगा, गळ्यात क्रूस आणि त्याच दोऱ्याला अडकवलेला एक बारका स्क्रूड्रायव्हर. मी तिला फिलूबाय म्हणायचो, ती मला सत्या. गिऱ्हाइकासमोरसुद्धा सत्या. सतीश म्हटलं असतं तर जीभ झिजली असती बाईची.

तिच्या जागेत आधी मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान होतं. नायलॉनचा आणि सुक्या मासळीचा वास भिंतीत मुरलेला. ती आली त्या दिवशी मी शेजारधर्म म्हणून सुचवलं, की रंग काढून घ्या, नाहीतर गिऱ्हाईक आत थांबणार नाही. ती म्हणाली, "बरां आसा. काम नसलेलो थांबूचो नाय." वर्षभरात तिच्याकडे बाकावर बसायला जागा नसायची. वास सोसत बसलेले असायचे लोक. माझ्याकडे पंखा होता, पाण्याचा जार होता, खुर्च्यांना गाद्या होत्या, आणि खुर्च्या रिकाम्या होत्या.

आता तिची काम करायची पद्धत. मशीन आलं की मी लगेच पोटात हात घालायचो. फिलूबाय आधी चहा मागवायची. मग त्या मशीनवर ट्रक चालवायचा एक गेम सुरू करायची आणि बाई चक्क ट्रक चालवायची. सगळ्या मशीनवर तोच ट्रक, तोच रस्ता, तोच पूल, पुलानंतरचं तेच उजवं वळण. गिऱ्हाईक उभं, मागे रांग, आणि ही जीभ दाताखाली धरून स्टिअरिंग फिरवल्यासारखी माऊस फिरवते आहे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनातल्या मनात म्हटलं, संपली ही. पण तिला त्या रस्त्याचा इंच न् इंच पाठ होता. पुलावर चित्र अडखळलं तर एक रोग, वळणावर अडखळलं तर दुसरा. पडद्यावर सेकंदाला किती चित्रं पडतात ते मोजणारं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. मी आकडे दाखवायचो. फिलूबाय म्हणायची, "आकडो चढलो म्हणान सुख चढता काय रे? हात सांगतत माका."

दुसरी सवय कार्डांची. कुठल्याही सेटिंगला हात लावायच्या आधी ती शिसपेन्सिलीने लिहून काढायची: आधी काय होतं, मी काय बदललं, का बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग परत ट्रक. लिहायला कागद कसला, तर जुन्या लग्नपत्रिकांची कोरी पाठ. ते कार्ड ती मशीनच्या पेटीतच आतल्या बाजूला चिकटवून द्यायची. तिच्याकडून आलेलं एखादं मशीन कधीमधी माझ्याकडे यायचं, तेव्हा झाकण काढलं की कुणाच्या तरी सत्यनारायणासह लग्नाचं निमंत्रण आणि पाठीमागे फिलूबायचं वाकडंतिकडं अक्षर. मी ती कार्डं दुसऱ्याची पत्रं वाचावीत तशी चोरून वाचायचो. एका कार्डावर लिहिलं होतं, "सतीशने वायरी चांगल्या बांधल्यात. त्याला हात लावू नये." कौतुक करायचं तर तोंडावर कर ना. पेटीच्या आत लिहून ठेवते. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तोंडवलीचा एक होमस्टेवाला होता, दाजी. पर्यटक नसले की दिवसभर बाजेवर पडून असायचा आणि मोबाइलवरचा एक मारामारीचा गेम खेळायचा. मोबाइल लहान पडतो म्हणून तो गेम कॉम्प्युटरवर घ्यायचं त्याच्या मनात आलं. ते जमतं. कॉम्प्युटरच्या आत एक खोटा मोबाइल उभा करणारं सॉफ्टवेअर मिळतं, त्याला एम्युलेटर म्हणतात, आणि गेम त्या खोट्या मोबाइलमध्ये चालतो. मी घालून दिलं. पण गेम चालेना. म्हणजे चालायचा, पण चिखलातून चालल्यासारखा. मी त्याला जास्तीची मेमरी बसवायला लावली. चिखल तसाच. मग नवीन ग्राफिक कार्ड घ्यावं लागेल म्हणून सांगितलं. दाजी मशीन खांद्यावर टाकून बाजूच्या दुकानात गेला.

आमची भिंत पातळ होती. सगळं ऐकू यायचं.

फिलूबायने ट्रक चालवला. "ट्रक बरो चलता," म्हणाली. मग दाजीचा गेम लावला, मिनिटभर पाहिला आणि मशीन बंद करून परत चालू करताना बायोसमध्ये शिरली. बायोस म्हणजे विंडोज उठायच्या आधीची मशीनची स्वतःची पाटी; तिथे कुठला भाग चालू, कुठला बंद ते ठरतं. तिथे व्हर्च्युअलायझेशन नावाचं एक बटण असतं. मशीनच्या आत दुसरं मशीन चालवायचं तर ते चालू लागतं. कारखान्यातून कित्येकदा ते बंदच येतं.

"दाजी, तुझे पाव्हणे वयल्या खोलयेत रवतत ना? जिनो खंयसून आसा?"

"भायरसून."

"आणि भायलो जिनो नसतो तर?"

"तर दर खेपेक माझ्या चुलीकडसून वर गेले असते मेले."

"तसांच झालासा. हो गेम तुझो भाडेकरू. तेचो जिनो बंद आसा, म्हणान तो सारखो तुझ्या चुलीकडसून जाता-येता. तोय दमता नि तूय दमतंस."

तिने बटण चालू केलं. दाजी तिथेच बसून तासभर खेळला. जाताना माझ्या दारात थांबून म्हणाला, "सतीश, ती मेमरी काढून घेतंस काय रे?" इतक्या साध्या आवाजात म्हणाला की मला त्याच्यावर रागावताही येईना.

ठीक आहे. माणूस शिकतो. मी शिकलो. त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मशीनचा जिना मी उघडायला लागलो. गिऱ्हाइकाने विचारलं नाही तरी उघडायचो आणि वर सांगायचो, की बघा, ही खास सेटिंग आहे, सगळ्यांना माहीत नसते. फिलूबायच्या आधी मी पोचलो पाहिजे, एवढंच डोक्यात.

मग मसुऱ्याचे एक निवृत्त मास्तर आले. त्यांना विमान उडवायच्या गेमचं वेड. आंगणेवाडीच्या जत्रेला आलेल्या मुलाने त्यांना भारी मशीन घेऊन दिलं होतं, आणि मास्तर रोज दुपारी जेवण झालं की मुंबईहून विमान काढून आमच्याकडच्या चिपी विमानतळावर उतरवायचे. मी त्या मशीनवर नव्याने विंडोज घातलं आणि माझी खास सेटिंगही चालू करून दिली. आठ दिवसांनी मास्तर परत आले, पण माझ्याकडे नाही, बाजूला. विमान उतरताना धक्के बसतात म्हणे. आधी बसत नव्हते.

फिलूबायने तोच जिना बंद केला आणि विमान लोण्यासारखं उतरलं.

मला राहवेना. मी तिच्या दुकानात गेलो आणि सरळ भांडलो. "दाजीक चालू केलंस, मास्तरांक बंद? ह्यां काय शास्त्र आसा?"

"बस," म्हणाली. बसलो. जाळ्यांचा वास नाकात गेला. "भायलो जिनो उघडो दिसलो की विंडोज थंय आपलो राखणदार बसयता. चोर येव नये म्हणान. येणाऱ्या-जाणाऱ्याक तो थांबयता, झडती घेता. एरवी तेचो त्रास नाय. पण मास्तरांचा विमान म्हणजे एवढो मोठो बारदानो, दर पावलाक झडती घेतली तर धक्के बसतलेच. नि मास्तरांच्या घरात भाडेकरूच नाय. मगे जिनो कशाक नि राखणदार कशाक?"

"आणि चोर इलो तर?"

"तां बरां इचारलंस. म्हणान मास्तरांका सांगलंय, ह्या मशीनवर बँकेचा काय करूचा नाय. कार्डारय लिवलंय." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाली, "सत्या, बटन बरां की वायट असां काय नसता रे. घरात कोण रवता तां आधी बघूचा."

इतकं सोपं होतं. पदविकेच्या तीन वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी कुणाला असं सांगू शकलो नसतो. माझा जळफळाट तिथे होता. तिला जास्त येतं याचा राग नंतरचा. आधी राग हा, की तिला येतं ते सगळ्यांना कळतं.

माझीही एक सवय सांगून ठेवतो. वडील एस.टी.त कंट्रोलर होते. आमच्या घरातली सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढे. मलाही तेच लागलं. मनगटावरचं, दुकानातलं, आणि बायोसमध्ये शिरलो की मशीनचं घड्याळसुद्धा मी पाच मिनिटं पुढे सरकवतो. बोटं आपोआप करतात. फिलूबाय त्यावरून मला छळायची. "सत्याच्या मशिनी सगळ्यो हावऱ्यो. पाच मिनटां आधीच जेवक बसतत."

तर अशात गजाभाऊने गेम झोन काढायचं ठरवलं. गजाभाऊ म्हणजे बंदरावरचा हॉटेलवाला, पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला नेणाराही तोच. हॉटेलच्या वरच्या मजल्यावर त्याने बारा नवीकोरी मशीनं आणली. मालवणात तोवर असली मशीनं कुणी पाहिली नव्हती. गजाभाऊ हिशेबी माणूस. त्याने आम्हा दोघांना बोलावलं.

"सहा सत्यान मांडूची, सहा फिलून. आयतवारी स्पर्धा ठेवलंय, मोबाइलचोच गेम, सगळे थंय खेळतले. जेच्यो मशिनी बऱ्यो चलतल्यो, वर्सभर सगळ्यो मशिनी राखूचा काम तेचा."

मला ते काम हवंच होतं. माणसांनी कॉम्प्युटर घेणं कमी केलं होतं, सगळं मोबाइलवर. गजाभाऊचं काम हुकलं असतं तर दुकान बंद करून म्हापशाला मेहुण्याच्या दुकानात काउंटरच्या मागे उभं राहायची पाळी आली असती, आणि मेहुणा कसा आहे ते मला माहीत आहे. हे खरं. पण याहून खरं हे, की मला फिलूबाय हरलेली पाहायची होती. एकदा. गावासमोर.

शनिवारी दुपारपर्यंत दोघांचीही मशीनं लावून झाली. मी माझ्या सहाही मशीनचे जिने उघडले, दोनदा तपासले. फिलूबायने तिच्या सहांवर ट्रक चालवला, कार्डं लिहिली, आत चिकटवली आणि "मी जरा इगर्जीत जावन येतंय, गाण्याची तालीम आसा" म्हणून चर्चकडे निघून गेली. गजाभाऊ खाली जेवणाच्या गर्दीत. वर मी एकटा.

तिच्या तिसऱ्या मशीनवर बसलो. नुसतं बघायला, असं मनाशी म्हटलं. बायोस उघडला आणि बटण बंद केलं. मग पाचव्यावर तेच. सहाही करता आली असती, पण तेवढी अक्कल शाबूत होती. सहा बिघडली असती तर संशय आला असता. दहा मिनिटांचं काम. खाली उतरून गजाभाऊकडे मासळीचं ताट मागवलं आणि सगळं संपवलं. हेही सांगायला हवं. घास अडकला वगैरे काही नाही.

रविवारी अकराला स्पर्धा लागली. वरचा मजला गच्च भरलेला. पहिल्या पाच मिनिटांतच तिसऱ्या मशीनवरचा खेळाडू ओरडायला लागला, "अडाकता, अडाकता." मग पाचव्यावरचा. लोक फिलूबायकडे बघायला लागले. गजाभाऊने स्पर्धा थांबवली. मी हाताची घडी घालून खिडकीपाशी उभा होतो, चेहऱ्यावर काळजी आणून.

फिलूबाय तिसऱ्या मशीनसमोर बसली. ट्रक नाही, चहा नाही. गेम क्षणभर पाहिला, मशीन परत चालू केलं आणि बायोसमध्ये शिरली. मी लांबून बघत होतो. बटण चालू करायला दहा सेकंद लागतात. ती मिनिटभर नुसती पडद्याकडे बघत बसली. मग तिने मान वर केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग परत पडद्याकडे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बोटांनी आपलं काम केलं होतं. दोन्ही मशीनची घड्याळं पाच मिनिटं पुढे.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तिथे तर भर दुपारचं ऊन पडलं होतं. फिलूबायने गळ्यातला स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि मशीनच्या पेटीवर हात ठेवला. आत कार्ड होतं. शनिवारी बटण चालू होतं, घड्याळ बरोबर होतं, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. दोन स्क्रू काढले असते की माझा कारभार आटोपला होता. मालवणात परत तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हापशाचा मेहुणासुद्धा परवडला असता.

तिने स्क्रूड्रायव्हर सोडून दिला. तो परत क्रुसाशेजारी लोंबकळला.

"फिलू, काय झालां?" गजाभाऊ डोक्यावर येऊन उभा.

"माझी चूक. दोन मशिनी तपासूच्यो रवल्यो," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. दोन्ही मशीनं नीट केली, उठली आणि खिडकीपाशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. बाहेर बघत हळू आवाजात म्हणाली, "घड्याळां सरळ करून ठेवलंय." बस, एवढंच. माझ्याकडे पाहिलंही नाही.

तीन दिवसांनी गजाभाऊचा निरोप आला. वर्षाचं काम मला.

मला वाटलं होतं आनंद होईल. झाला, अर्धा दिवस. मग भीती सुरू झाली. आज बोलेल, उद्या बोलेल. फिलूबाय काही बोलली नाही. पूर्वीसारखीच भिंतीवर थाप मारून सोल्डरिंगची तार मागायची, पूर्वीसारखीच सत्या म्हणायची, घरी केलेलं बांगड्याचं लोणचं बरणीत घालून द्यायची. तिच्या जागी मी असतो तर रोज टोमणे मारले असते. तिला ते सुचतसुद्धा नव्हतं की काय, याचाच मला राग. आणि त्या बारा मशीनकडे मी असा बघायला लागलो जसा नवा बाप पाळण्याकडे बघतो. कुणी मुद्दाम काही बंद केलं तर? कुणाला कसं सुचतं ते मला चांगलंच माहीत होतं. आठवड्यातून दोनदा जाऊन एकेक बायोस उघडून बघायचो. कुठल्या मशीनवर मोबाइलचे गेम चालतात, कुठल्यावर मोठे, त्याप्रमाणे जिने उघडे किंवा बंद. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लिहून ठेवायचं. हो, कार्डावरच. वर्षभरात एकही मशीन एक दिवससुद्धा बंद राहिलं नाही. कणकवलीहून पोरं खेळायला यायची. गजाभाऊ लोकांना सांगायचा, सत्यासारखो माणूस नाय.

वर्ष झालं आणि फिलूबायने दुकान सोडायचं ठरवलं. आरोंद्याला तिची बहीण खाडीकाठच्या घरात एकटी होती, तिला सोबत हवी होती. सामान न्यायला गजाभाऊने आपला टेम्पो दिला आणि स्वतःही आला. दुपार होती. फिलूबाय आत शेवटच्या वायरी गुंडाळत होती, गजाभाऊ आणि मी बाहेर टेम्पोत पेट्या चढवत होतो. मला वाटलं होतं, ही गेली की सुटलो. पण प्रत्येक पेटीबरोबर छातीवर काहीतरी चढत होतं. ही आता जाणार आणि हे कुणालाच न कळता माझ्याकडे उरणार. शेवटी हातातली पेटी खाली ठेवली.

"गजाभाऊ, त्या दिवशी फिलूबायची चूक नव्हती. त्यो दोन मशिनी मी बिघडवलंय."

गजाभाऊने पेटी उचलून टेम्पोत ठेवली. "माका म्हायत आसा."

"कसा?"

"तिनाच सांगल्यान. त्याच सांजेक. मी काम तिकाच देय होतंय. तर म्हणता कशी, माका नको, सत्याक दी. मी म्हटलंय, फिलू, तेनाच तुझ्यो मशिनी मोडल्यान ना? तर म्हणाली, म्हणानच तेका दी. जेना एकदा मोडल्यान, तेका मोडतत कशी तां म्हायत आसता. आता तो भियान राखतलो. भियान राखल्यासारखा कोण राखणा नाय."

मी तिथेच दगडावर बसलो. वर्षभर मी छाती काढून फिरत होतो. काम मी चोरलं असं तरी मला वाटत होतं. चोरी तरी माझी होती. तीही नाही. ती बाईने दिलेली होती. माझा हेवा, माझी भीती, माझी लबाडी, सगळं जोखून तिने कामाला लावलं होतं. आणि जोखलं होतं अगदी बरोबर.

फिलूबाय बाहेर आली. मी उठून तिच्यासमोर उभा राहिलो. "तुका काम नको होता?"

"बारा मशिनी आणि वर गजा, रोज?" गजाभाऊला ऐकू जाईल अशी म्हणाली. "माका नको रे बाबा."

"मगे त्या दिवशी इलंस कशाक?"

"मशिनी बघूक. एवढ्यो भारी मशिनी मालवणात परत कोण आणतलो?"

म्हणजे बाई शर्यतीत नव्हतीच. मी एकटाच धावत होतो, आणि पडलोही एकटाच. तिला काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलावंसं वाटलं. क्षमा मागावी असंही वाटलं. "फिलूबाय, माझा चुकला," म्हणालो.

"होय, चुकला," ती म्हणाली. 'असू दे' नाही, 'जाऊ दे' नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून टेम्पोत चढायला आधार घेतला, दोन पायऱ्या चढताना चांगलीच जड लागली, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बसून झग्यावरची धूळ झटकली.

टेम्पो भरडाच्या चढाला लागला. माणूस इतकी वर्षं जिथे राहिला तिथून निघताना एकदा तरी मागे वळून बघतो. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून वाट बघत होतो, निदान हात तरी वर करेल. ती ड्रायव्हरला काहीतरी सांगत होती, बहुतेक गिअर कसा घालायचा ते, आणि ड्रायव्हर हसत होता. वळणावर टेम्पो दिसेनासा झाला. तिने मागे पाहिलं नाही. गजाभाऊ माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. मला रडू आलं होतं, पण खरं सांगतो, रडता रडताही मनात हेच आलं, की हेसुद्धा हिलाच जमतं.